दोन आठवड्यांची सेवा

आजारी माणूस बरा झाला असे केव्हा म्हणावयाचे? ताप उतरला, जखम भरून आली, मोडलेले हाड सांधले, म्हणजे वैद्याचे काम संपले अशी सामान्यतः समजूत असते. परंतु हाड सांधले तरी पाय जमिनीला टेकवत नाही, पक्षाघातातून जीव वाचला तरी हातात घास धरवत नाही, अशी माणसे प्रत्येक गावात आढळतात. त्यांस पुन्हा उठविणे, बसविणे, चालविणे, आणि त्यांच्या नित्याच्या कामास लावणे, हे ज्या शास्त्राचे काम ते भौतिकोपचाराचे शास्त्र होय. लोकांच्या तोंडी त्याचे नाव फिजिओथेरपी असे आहे. औषध आणि शस्त्र हे वैद्यकाचे दोन हात मानले, तर हा त्याचा तिसरा हात म्हणावयास हरकत नाही.

ह्या शास्त्राचे अमेरिकेतील कित्येक विद्यार्थी, विशेषतः ख्रिस्ती विद्यापीठांत शिकणारे, सुटीच्या दिवसांत आठ-पंधरा दिवसांकरिता परदेशी सेवेस जातात. मध्य अमेरिकेतील डोंगराळ खेडी, कॅरिबियन समुद्रातील बेटे, आफ्रिकेतील मिशनची रुग्णालये, ही त्यांची ठिकाणे. जाणाऱ्यांच्या मनात सद्भाव असतो ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सद्भाव आणि उपकार ह्या दोन वस्तू नेहमीच एक नसतात. पंधरा दिवसांत परत जाणाऱ्या पाहुण्याच्या हातून आयुष्यभराच्या अपंगत्वाचे काय भले होणार, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधू गेल्यास ह्या शास्त्राचे मर्मही ध्यानात येते.

प्रथम गरज किती आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगातील सुमारे २४० कोटी माणसांना ह्या ना त्या प्रकारच्या पुनर्वसन-उपचाराचा उपयोग होण्यासारखा आहे. पण गरीब व मध्यम स्थितीच्या देशांत अनेक भागांतून दहा लाख लोकांमागे ह्या विषयातले दहा तज्ज्ञही नाहीत. उलट अमेरिकेत हे शास्त्र इतके वाढले आहे की, पदवी घेतल्यानंतर सामान्यतः आणखी तीन वर्षे शिकावे लागते, आणि २०१६ पासून तेथे ह्या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठीचा अभ्यासक्रम डॉक्टरेटच्या पदवीचाच असतो. एकीकडे ज्ञानाची अशी समृद्धी आणि दुसरीकडे असा दुष्काळ, ही स्थिती पाहून तरुण मनाला समुद्रापार जावेसे वाटले तर ते स्वाभाविकच आहे. रोग्यांची शुश्रूषा हा तर ख्रिस्ती धर्मकार्याचा फार जुना भाग आहे.

मिशनच्या रुग्णालयांत ह्या उपचाराचे महत्त्व कसे पटले, ह्याचे एक ठळक उदाहरण भारतातलेच आहे. तामिळनाडूतील वेल्लोर येथे आयडा स्कडर ह्या अमेरिकन मिशनरी बाईंनी १९०० साली एका खाटेचा दवाखाना सुरू केला, आणि त्यातून पुढे प्रसिद्ध ख्रिश्चन मेडिकल कॉलेज उभे राहिले. तेथे १९४६ साली पॉल ब्रँड नावाचे इंग्रज शल्यवैद्य आले. कुष्ठरोग्यांची बोटे आखडून पंज्यासारखी का होतात आणि पुढे झडतात का, ह्याचा त्यांनी बारकाईने शोध घेतला. बोटे झडतात ती रोगाने कुजून नव्हेत. हात बधिर झाल्यामुळे भाजले, कापले, खरचटले तरी रोग्यास कळत नाही, आणि त्या दुर्लक्षित जखमांनी बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. आखडलेली बोटे सरळ व्हावीत म्हणून हाताच्या एखाद्या सशक्त स्नायूची कंडरा सोडवून ती बोटांकडे वळविण्याची शस्त्रक्रिया त्यांनी कुष्ठरोग्यांवर सुरू केली.

परंतु शस्त्रक्रिया झाली की हात चालू लागला, असे होत नसे. जो स्नायू जन्मभर एक काम करीत आला, त्यास आता दुसरेच काम करावयाचे असे. मेंदूस ह्या फेरबदलाची वार्ता नसते. ती सरावाने द्यावी लागते. त्यातून हात बधिर, म्हणजे रोग्याने डोळ्यांनी पाहूनच त्यास वळण लावावयाचे. येथे भौतिकोपचारकाचे काम सुरू होई. ब्रँड ह्यांच्या सहकारी रूथ थॉमस ह्या बाईंनी हे काम हाती घेतले. शस्त्रक्रियेस तास-दोन तास पुरत, पण हाताच्या ह्या शिक्षणास आठवडे लागत. आणि ते शिक्षण झाले नाही तर उत्तम शस्त्रक्रियाही फुकट जाई. पुढे वेल्लोरनजीक करिगिरी येथे १९५५ साली कुष्ठरोगाची संशोधनसंस्था निघाली. कुष्ठरोग्यांच्या हातापायांची काळजी घेणारे तंत्रज्ञ तेथे शिकून तयार होऊ लागले. परदेशाहून आलेल्या हातांनी येथील हात तयार केले. ह्या गोष्टीचे महत्त्व पुढे दिसून येईल.

रूथ थॉमस ह्यांच्यासारख्या व्यक्ती वर्षानुवर्षे एका ठिकाणी राहिल्या. आजचा विद्यार्थी पंधरा दिवसांचा पाहुणा आहे. त्याच्या सेवेची परीक्षा करावयाची तर ती अशा देशात करावी, की जेथे असे पाहुणे मोठ्या संख्येने आले आणि पुढे त्यांचे येणे अकस्मात आटले. असा देश म्हणजे हैती. कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला ह्या बेटाचा पश्चिमेकडील भाग तो हैती. लोकवस्ती एक कोटीच्या वर. राज्यकारभाराच्या भाषा फ्रेंच आणि क्रिओल अशा दोन. परंतु सर्वसामान्य माणूस बोलतो ती क्रिओल.

१२ जानेवारी २०१० रोजी सायंकाळी तेथे ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांचा सरकारी आकडा तीन लाखांवर सांगितला गेला. इतर अंदाज त्याहून पुष्कळ कमी आहेत. पण कोणत्याही हिशेबाने तो अनर्थच होता. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेले लेओगान हे गाव भूकंपाच्या केंद्राशी अगदी लागून होते. तेथील शेकडा ८० ते ९० इमारती पडल्या वा मोडल्या. राजधानीत सेंट व्हिन्सेंट नावाची अपंग मुलांची शाळा होती. सिस्टर जोन मार्गरेट ह्या अँग्लिकन जोगिणीने ती १९४५ साली स्थापिली होती. तीही कोसळली, आणि तेथील काही मुले व कर्मचारी प्राणास मुकले. ढिगाऱ्याखाली चिरडलेले हातपाय कापण्यावाचून डॉक्टरांस गत्यंतर नव्हते. अशा रीतीने अवयव गमावलेल्यांची संख्या दोन ते चार हजारांच्या दरम्यान असावी असा त्या वेळचा अंदाज होता. शल्यवैद्य येऊन परत गेले. पण पाय गमावलेल्या माणसाचा खरा प्रवास त्यानंतरच सुरू होतो. ह्या पुढील प्रवासात हातभार लावण्यासाठी इतर देशांतून भौतिकोपचारक आले, आणि पुढच्या वर्षांत त्यांच्यामागोमाग अध्यापकांबरोबर विद्यार्थीही येऊ लागले.

अशा पथकाची रचना साधारणतः पुढीलप्रमाणे असते. दहा-बारा विद्यार्थी, त्यांच्यावर देखरेख करणारे दोन-तीन परवानाधारक अध्यापक, आणि स्थानिक तरुणांतून घेतलेले दुभाषे. सकाळी प्रार्थना होते आणि मग एखाद्या प्रार्थनामंदिराच्या किंवा शाळेच्या दालनात उपचारकेंद्र मांडले जाते. बाके हीच तपासणीची टेबले होतात. दाराशी पहाटेपासून माणसे बसलेली असतात. कोणी चार तास चालत आलेला, कोणी मोटारसायकलवर मागे बांधून आणलेला, कोणी आईच्या कडेवर. डोक्यावर ओझे घेऊन बाजारास जाणाऱ्या बायकांची मान, कंबर आणि गुडघे दुखत असतात. त्यांस ‘ओझे उचलू नका’ असे सांगणे हा उपचार नव्हे, ती थट्टा होय. कारण ओझ्यावरच त्यांची चूल पेटते. म्हणून ओझे एकटीने न उचलता दुसरीच्या मदतीने डोक्यावर कसे घ्यावे, ते दोन खेपांत कसे वाटावे, वाटेत कोठे टेकवावे, हे सांगावे लागते. पुस्तकात नसलेला हा धडा विद्यार्थी पहिल्याच दिवशी शिकतो.

आता ह्या उपचाराचे स्वरूप तीन उदाहरणांनी पाहू. पहिले उदाहरण गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाचे. अशा माणसास गुडघ्याखाली उशी ठेवून पडून राहणे फार सुखावह वाटते. घरचे लोकही मायेने उशी सरकवितात. परंतु काही आठवडे गुडघा असा वाकलेला राहिला की मागील स्नायू आखडतात आणि गुडघा सरळ होईनासा होतो. वाकलेल्या गुडघ्यास कृत्रिम पाय नीट बसत नाही. म्हणजे मायेने दिलेली उशी त्या माणसाचे चालणे हिरावून घेते. ह्यावर उपाय म्हणजे उशी काढणे, गुडघा सरळ ठेवणे, दिवसातून काही वेळ पालथे पडणे, आणि उरलेल्या खुंटास खालून वर, खाली घट्ट आणि वर सैल, अशी तिरकस पट्टी बांधणे. त्याने सूज उतरते आणि खुंट कृत्रिम पायात बसण्याजोगा निमुळता होतो. ह्यास यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. पण ते रोज करावे लागते, आणि कोणी तरी ते शिकविलेले असावे लागते.

दुसरे उदाहरण पक्षाघाताचे. रक्तदाबाचा विकार हैतीत पुष्कळ आढळतो, आणि पक्षाघात हे तेथील मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. जे वाचतात त्यांपैकी कित्येकांचा एक हात लुळा लोंबत असतो. खाटेवरून उठविताना घरची माणसे त्याच हातास धरून किंवा काखेत हात घालून ओढतात. लुळ्या खांद्यास स्नायूंचा आधार नसल्याने सांधा दुखावतो, पुढे हात हलविणेच असह्य होते, आणि हालचाल परत येण्याची जी काही आशा असते तीही मावळते. येथे उपचारकाचे पहिले काम रोग्याच्या अंगाला हात लावणे हे नसून त्याच्या मुलीस जवळ बोलावणे हे आहे. आधार कमरेशी आणि खांद्याच्या फऱ्यामागे कसा द्यावा, पाय आधी खाली कसे सोडावेत, रोग्याने स्वतः पुढे कसे झुकावे, हे तिला करून दाखवावयाचे. मग तिच्याकडून करवून घ्यावयाचे. आणि दुसऱ्या दिवशी तिने न विचारता बरोबर केले तरच धडा झाला असे समजावयाचे.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. हजार जन्मांमागे सुमारे एका मुलाचे पाऊल जन्मतः आत वळलेले असते. अमेरिकेतील आयोवा येथे काम केलेले स्पॅनिश वंशाचे डॉक्टर इग्नासिओ पोन्सेटी ह्यांनी त्यावर मोठी शस्त्रक्रिया टाळणारी रीत बसविली. मुलाचे पाऊल हळुवारपणे थोडे थोडे बाहेर वळवून दर आठवड्यास नवे प्लास्टर घालावयाचे. साधारण पाच-सहा प्लास्टरांत पाऊल सरळ होते. बहुतेक मुलांच्या टाचेमागील कंडरेस एक लहानसा छेद द्यावा लागतो. त्यानंतर दोन बुटांस जोडणारी पट्टी असलेला विशिष्ट जोडा पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, आणि पुढे मूल चार वर्षांचे होईपर्यंत रात्री झोपताना घालावयाचा. जोडा सोडला की पाऊल पुन्हा वळू लागते. रोग उलटण्याचे मुख्य कारण हेच आहे.

आता हिशेब मांडावा. प्लास्टरांस पाच-सहा आठवडे, जोड्यास चार वर्षे, आणि पाहुण्याचा मुक्काम दोन आठवडे. म्हणजे पाहुण्याने पहिले प्लास्टर कितीही सुरेख घातले तरी तिसरे, चौथे, पाचवे कोण घालणार? जोडा लहान झाल्यावर दुसरा कोठून येणार? मूल रात्री रडू लागले म्हणजे जोडा काढून न टाकण्याचे बळ त्या आईस कोण देणार? ज्या कामाचा शेवट आपल्या हाती नाही त्याचा आरंभ करण्याचा अधिकार कोणास आहे, हा प्रश्न ह्या हिशेबातून उभा राहतो. म्हणूनच ज्या गावी असे प्लास्टर दर आठवड्यास घालणारे केंद्र बारा महिने चालते, तेथेच विद्यार्थ्याने मदतनीस म्हणून हात लावावा. जेथे ते नाही, तेथे मुलास त्या केंद्राचा पत्ता आणि तेथवर जाण्याचे भाडे मिळवून द्यावे. वरवर पाहता ही सेवा फार लहान वाटेल. परंतु मुलाच्या पावलाच्या दृष्टीने तीच मोठी आहे.

दानाविषयीही असाच विवेक लागतो. परदेशाहून येणाऱ्या वस्तूंत चाकांच्या खुर्च्या पुष्कळ असतात. गुळगुळीत फरशीकरिता बनविलेली खुर्ची दगडमातीच्या वाटेवर दोन महिन्यांत मोडते, आणि तिचा सुटा भाग तेथील बाजारात मिळत नाही. त्याहून वाईट असे की, मापाची नसलेली खुर्ची कण्याच्या दुखापतीने खालचे अंग बधिर झालेल्या माणसास शय्याव्रण उत्पन्न करते. त्याला ते दुखत नाही, म्हणून कळत नाही. जखम हाडापर्यंत जाते आणि प्रसंगी प्राणावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली गरीब देशांत चाकांच्या खुर्च्या कशा द्याव्यात ह्याविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांचा मथितार्थ असा की, खुर्ची ही वाटून टाकण्याची वस्तू नसून तपासून, मापून, बसवून, शिकवून आणि पुढे दुरुस्त करून देण्याची गोष्ट आहे.

ह्या सेवेत दोष शिरतात ते बहुधा तीन वाटांनी. पहिली वाट अधिकाराच्या विस्मृतीची. विद्यार्थी हा अजून विद्यार्थीच आहे. स्वदेशी जी गोष्ट करण्याची त्यास परवानगी नाही, ती परदेशी गरिबावर करून पाहण्याची मुभा समुद्र ओलांडल्याने मिळत नाही. रोगी निरक्षर असला म्हणून त्याच्या शरीराची किंमत कमी होत नाही. दुसरी वाट दिखाव्याची. तीनशे रोगी तपासले असा आकडा सांगता येतो; पण त्यांपैकी किती जणांस तीन महिन्यांनंतर फरक पडला हे पाहण्यास पाहुणा उरलेला नसतो. निदान प्रत्येक रोग्याची नोंद, त्याच्या भाषेत आणि स्थानिक उपचारकाच्या हाती, मागे ठेवलेली असावी. लुळ्या मुलाबरोबर काढलेले छायाचित्र त्याच्या आईच्या संमतीवाचून घरी नेऊ नये, हेही ह्यातच आले.

तिसरी वाट श्रद्धेची आहे, आणि ती नाजूक आहे. मिशनच्या सेवकास आपल्या कार्यामागील धर्मप्रेरणा लपविण्याचे कारण नाही. परंतु जो मनुष्य वेदनेने व्याकुळ होऊन दाराशी आला आहे, त्यास उपचार आणि उपासना ही एकाच रांगेत मिळू लागली, म्हणजे ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक त्यास उरत नाही. प्रार्थनेस बसलो नाही तर कुबड्या मिळणार नाहीत अशी शंकासुद्धा त्याच्या मनात येता कामा नये. ह्यावर साधा नियम असा की, उपचार सर्वांस सारखा, प्रार्थना इच्छिणाऱ्यासच, आणि एकीचा दुसरीशी काही संबंध नाही हे दुभाष्याकडून प्रारंभीच स्पष्ट सांगावयाचे. ह्या नियमाने सेवेस उणेपणा येत नाही. उलट तिची निरपेक्षता सिद्ध होते.

मग विद्यार्थ्यांनी जाऊच नये काय? असे म्हणणे एकांगी होईल. जेथे कायमचे काम चालू आहे तेथे हातांस हात मिळणे ही मोठी मदत असते. विद्यार्थ्यालाही लाभ होतो, आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. विजेची उपकरणे नसताना केवळ डोळे, कान आणि बोटांची अग्रे ह्यांवर विसंबून निदान करणे तो शिकतो. सायकलच्या जुन्या रबरी नळीपासून व्यायामाची पट्टी, वाळू भरलेल्या बाटलीपासून वजन, बांबूच्या दोन समांतर काठ्यांपासून चालण्याचा सराव करण्याची जागा, असे काय काय करता येते हे त्यास दिसते. आपण देण्यास आलो होतो आणि घेऊन निघालो, ही जाणीव त्यास पुढील सर्व आयुष्यात अधिक चांगला उपचारक करते. मात्र हा लाभ रोग्याच्या खर्चाने होता कामा नये, एवढेच.

ह्या सर्वांचे जे तात्पर्य, ते लेओगान गावी प्रत्यक्ष पाहावयास मिळते. तेथे हैतीच्या एपिस्कोपल विद्यापीठाचे परिचारिका-महाविद्यालय २००५ पासून चालू होते. २०१० च्या भूकंपात भोवतालचे गाव पडले, पण त्या महाविद्यालयाची इमारत उभी राहिली. बाहेरची मदत येण्यापूर्वी तेथील विद्यार्थिनींनी आपल्या अध्यापिकांसह आवारातच जखमींची शुश्रूषा आरंभिली. त्या मुलींस विमानाने कोठून यावे लागले नाही, दुभाष्या लागला नाही, आणि काम आटोपून त्या कोठे परतही गेल्या नाहीत. त्या तेथल्याच होत्या. पाहुण्यांनी पाहिले ते हे, आणि विचारी लोकांनी त्यावरून बोध घेतला. दरवर्षी नवे विद्यार्थी हैतीत आणण्याऐवजी हैतीतच भौतिकोपचाराचे विद्यार्थी का तयार करू नयेत? त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली २०१५ साली लेओगान येथे पुनर्वसनशास्त्राचे महाविद्यालय सुरू झाले. भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार ह्या दोन विषयांचा चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम देशात प्रथमच मिळू लागला. परदेशी तज्ज्ञ तेथे आले ते रोगी तपासण्यापेक्षा मुख्यतः शिकविण्यास.

पुढे जे घडले त्याने ह्या निर्णयाचे मोल ठरविले. जून २०२१ पासून राजधानीहून दक्षिणेकडे जाणारा, मार्तिसाँ वस्तीतून निघणारा रस्ता सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात गेला. ७ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जोव्हेनेल मोईझ ह्यांची हत्या झाली. त्याच वर्षी १४ ऑगस्टला दक्षिणेकडील द्वीपकल्पात ७.२ तीव्रतेचा दुसरा मोठा भूकंप झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विमानांवर गोळीबार झाल्यावर अमेरिकेने आपली विमाने राजधानीकडे जाण्यास बंदी घातली. सुटीत येणारी विद्यार्थ्यांची पथके आटणे अपरिहार्यच होते. पक्षाघात मात्र विमानांसाठी थांबत नाही, आणि मुलांची पावलेही आत वळलेली जन्मास येतच राहतात. अशा वेळी रोग्याच्या उपयोगी पडतो तो त्याची भाषा बोलणारा, त्याच मातीत वाढलेला उपचारक. आणि तो नसेल तेथे एके काळी पट्टी बांधावयास शिकलेली एखादी बहीण किंवा आई.

हा अनुभव मराठी मुलखास अगदी अपरिचित नाही. भारतातील भौतिकोपचाराची पहिली शाळा १९५२ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाली. तिच्यामागे जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य होते, आणि त्यास मुंबई सरकार व मुंबई महानगरपालिका ह्यांची जोड मिळाली होती. परदेशी साहाय्याने जे रोप लागले त्याचा पुढे वृक्ष झाला, आणि आज ह्या विषयाची महाविद्यालये महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. बाहेरून आलेले ज्ञान ज्या दिवशी येथील विद्यार्थ्याच्या बोटांत उतरले, त्या दिवशी ते परके राहिले नाही.

बायबलात पक्षाघात झालेल्या एका मनुष्याची कथा आहे. गर्दीमुळे दारातून आत जाता येईना, म्हणून चौघांनी त्यास घरावर चढविले, छप्पर उकलले आणि खाटेसकट येशूपुढे खाली सोडले. तो मनुष्य उठून आपली खाट घेऊन चालता झाला, हा कथेचा भाग सर्वांच्या ध्यानात राहतो. परदेशी सेवेस निघालेल्या विद्यार्थ्याने मात्र त्या चौघांकडे लक्ष द्यावे. त्यांनी त्या माणसास वर उचलले, वाट काढली, आणि तो उठला तेव्हाही ते तेथल्याच गावचे होते. प्रत्येक रोग्याजवळ असे चौघे कोठे ना कोठे असतात: आई, मुलगी, शेजारी, गावचा शिक्षक. पाहुण्याने दोन आठवड्यांत त्यांस शोधावे, त्यांच्या हातांस योग्य वळण द्यावे, आणि मग निःशंकपणे आपल्या देशी परतावे. त्याची सेवा किती मोलाची होती, ह्याची परीक्षा तो परत गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रोग्यास खाटेवरून उठविण्याच्या वेळी होत असते.